शाकारणीच्या महिन्यातला नकाशा

वेल्ह्याला माणसं तोरणा चढायला जातात. मी कबुली द्यायला गेले, आणि तीही मेच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा शहाणा माणूस पंख्याखालून हलत नाही. त्यामुळे तंबू कुठे ठोकावा, सूर्योदय कुठून झकास दिसतो, हे हवं असेल तर हा ब्लॉग बंद करा. एसटी, जीप आणि जेवण एवढं मात्र सांगते, कारण ते कुणी धड सांगत नाही.

आधी माझं काम सांगायला हवं. सहा वर्षं मी पुण्यातल्या एका खासगी कंपनीत गावठाणांचे नकाशे काढायचे. गावावरून ड्रोन उडतो, शेकडो फोटो काढतो, ते जोडून एक मोठं चित्र तयार होतं, आणि मग आमच्यासारखी माणसं एसीत बसून माऊसने एकेका घराभोवती रेघ ओढतात. आमच्यात याला ‘छप्पर पकडणं’ म्हणायचे. ‘आज किती छपरं पकडलीस गं?’ असं डबा खाताना विचारायचो. त्या रेघेवरून पुढे घराचा कागद निघतो, मालकाचं नाव लागतं. छप्पर नसेल तिथे ‘मोकळी जागा’ निवडायचं, शेऱ्यात ‘पडकं’ किंवा जे दिसेल ते लिहायचं आणि पुढे सरकायचं. मी जलद होते. जलद म्हणून कंपनीने मला एकदा भिंतीवरचं घड्याळ दिलंय. ते स्वयंपाकघरात आहे आणि पाच मिनिटं पुढे पळतं.

नोकरी सोडून वर्ष झालं. एप्रिलमध्ये वैशालीचा मेसेज आला. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, अजून तिथेच आहे. ‘तुझंच बाळ बघ,’ असं लिहून तिने दोन फोटो पाठवले होते. पहिला ड्रोनच्या चित्राचा तुकडा. वेल्ह्याकडची एक वाडी, तिच्या कडेला मातीच्या चार भिंती, वर छप्पर नाही, आत मधोमध एक लाल ठिपका. कोपऱ्यात माझा कर्मचारी नंबर. दुसरा फोटो हरकतीच्या अर्जाला लावलेला. तीच जागा, पण घर अख्खं, कौलारू, दारात जास्वंद. खाली वैशालीने लिहिलं होतं की अर्ज मुदतीनंतर आला, काम केव्हाच बंद झालंय. नकाशात ‘मोकळी जागा’ दिसते म्हणून पंचायतीने ती सभागृहासाठी मागितलीय, आणि त्या घराला अतिक्रमणाची नोटीस गेलीय.

मी काय उत्तर दिलं असेल? ‘नंतर बांधलं असणार. रिकामी जागा दिसली की उभं करतात लोक.’ एवढं टाइप केलं आणि भाजी फोडणीला टाकली. ते वाक्य पुढे चार-पाच आठवडे घरभर माझ्या मागे फिरलं. शेवटी नवरा वैतागला. म्हणाला, “एकदा जाऊन ये, नाहीतर विषय तरी सोड.” मी बॅग भरली.

पहिला दिवस भोरचा. स्वारगेटहून भोरच्या एसट्या दिवसभर सुटतात, बायकांना अर्धं तिकीट, आणि खिडकी हवी असेल तर सात वाजायच्या आत या. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, नसरापूरचा फाटा, कामथडी, मग कापूरहोळला गाडी सातारा रस्ता सोडून उजवीकडे भोरला वळते. दोन तास धरून चाला. रस्त्याकडेची शेतं नांगरून उघडी पडली होती आणि जिकडे बघावं तिकडे ‘प्लॉट विकणे आहे’च्या पाट्या. या प्रत्येक पाटीमागे कुणीतरी रेघा ओढल्यात, हा विचार मला पूर्वी कधी शिवला नव्हता. त्या दिवशी मात्र डोक्यातून जाईना.

भोरला मी साठेसरांकडे उतरले. सर भूकरमापक म्हणून निवृत्त झालेत, म्हणजे उभी हयात लोकांच्या जमिनी मोजत फिरले. आमच्या कंपनीत दोन दिवस शिकवायला आले होते, तेव्हाची ओळख. काकूंनी कैरीची डाळ आणि आमटी-भात वाढला. जेवण होईपर्यंत सरांनी कामाचं विचारलं नाही. मग चष्मा लावून माझ्या मोबाईलवरचं ते चित्र बराच वेळ बघत बसले.

“कुठल्या महिन्यातलं?” त्यांनी विचारलं.

“मे.”

“मेची सुरुवात की अखेर?”

“अखेर. का हो सर?”

त्यांनी मोबाईल परत दिला. “मे महिन्यात कधी मावळात राहिलीयस?”

“नाही.”

“मग उद्या जा आणि बघ. मी सांगितलं तर तू नुसती मान हलवशील.”

मला राग आला. कोडी कशाला घालायची माणसाने? राग त्यांना दिसला असावा, कारण जरा मऊ होऊन म्हणाले, “आम्ही मोजणीची साखळी घेऊन दारात जायचो. कुत्री मागे लागायची, भावाभावांत तिथंच जुंपायची, एकदा माझ्यावर कुऱ्हाड उगारलीय. पण आत माणूस राहतं की नाही, हे कधी ओळखावं लागलं नाही. चहाच यायचा ना आतून.”

निघताना त्यांनी कपाटातून कातडी डब्यातला कापडी टेप काढून दिला, तीस मीटरचा. “पेन्सिल घे,” म्हणाले. “पेन घामाने पसरतं.” हे घेऊन मी काय करणार होते मला कळलं नाही, पण घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नसरापूरला आले. फाट्यावर मिसळ खाऊन घ्या, पुढे भरवसा नाही. तर्री बेताची, पाव ताजे. वेल्ह्याची एसटी आहे, पण तिची वाट बघण्यापेक्षा वडाप जीप बरी. भरल्याशिवाय हलत नाही, भरली तरी आणखी दोघं घेते. तालुक्याचं नाव कागदावर आता राजगड झालंय. जीपवाला मात्र “वेल्हे, वेल्हे, वेल्हे” असंच ओरडत होता.

मी पुढच्या सीटवर टेपचा डबा मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हरने दोनदा त्याकडे बघितलं.

“जागा बगाया आलाय व्हय?” तो म्हणाला.

“नाही हो.”

“टेप घिऊन आल्याली मानसं जागाच बगत्यात. हितं समदं मोजून झालं, ताई. ऱ्हायलं काय न्हाई.”

मागच्या सीटवर कुणीतरी हसलं. आंबवणे, मार्गासनी, विंझर. गुंजवणीच्या पात्रात नुसते गोटे. किल्ला उन्हात पांढुरका पडला होता, त्यात देखणं काही नव्हतं. मला परत फिरावंसं वाटत होतं, हे इथे स्पष्टच लिहिते.

वाडीचं नाव देणार नाही. नकाशावर तिचं आधीच बरंच चुकलंय. वेल्ह्याच्या अलीकडे उतरून पाऊण तास चढ आहे, कच्चा रस्ता, झाड नाही. दोन बाटल्या पाणी न्या, मी एकच नेली होती. शेवटच्या वळणावर रस्ता वाडीच्या वरून जातो आणि सगळी घरं पायाखाली दिसतात. तिथे मी दम खायला थांबले आणि ते घर मला सापडलं.

अर्ध्या घरावर कौलं होती. उरलेलं अर्धं उघडं. आतल्या भिंती, चूल, एक पत्र्याची पेटी, सगळं वरून दिसत होतं, आणि अंगणात भिंतीला चिकटून कौलांच्या थप्प्या. उघड्या बाजूच्या वाशांवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. खालून एक बाई डोक्यावर लाल चुंबळ ठेवून कौलं वाहत होती. हे चित्र मी बघितलेलं होतं. फक्त तेव्हा अर्ध्यावरही कौलं नव्हती.

उतरून अंगणात गेले तर तोंडातून कबुलीऐवजी निघालं, “मावशी, पाणी मिळेल का?” काय पण शूर!

“मिळंल की. या, सावलीला या. सावली ह्या निम्म्यात हाय, त्या निम्म्यात ऊनच हाय,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. तिचं नाव शेवंताबाई. वर बसलेले तिचे मालक, बबनकाका. आतल्या कोनाड्यातली बुद्धाची तसबीर धूळ बसू नये म्हणून साडीत गुंडाळून पेटीवर ठेवली होती.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“घर शाकारतोय,” काका वरून म्हणाले. “पावसाच्या आदी कौलं उतरवायची, झाडायची, फुटल्याली काडायची. वासं, रिपा बगायच्या. मंग परत चडवायची. वानरं लई फोडत्यात.”

“दरवर्षी?”

“दरसाल. मे म्हैन्यात.”

शाकारणं. शब्द मी ऐकलेला होता. शाळेत कधीतरी, पुस्तकात कुठेतरी. ते काम करतात कधी आणि करताना घर वरून दिसतं कसं, हे मात्र सहा वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आम्ही हजारो छपरं पकडली, पण घर वर्षातून एक दिवस छप्पर उतरवून बसतं, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

“मग सगळी कौलं एकदम का नाही उतरवत?” मी विचारलं. उत्तर कळत होतं, आणि ते मला नको होतं.

शेवंतामावशीने चुंबळ काढून हातात धरली. “आदी एकदमच उतरवायचो. भावकी यायची, दिसभरात उरकायचं. पर एक साली समदं उगडं टाकलं, अन् त्याच दिशी ते डोन आलं. वरनं बगितलं अन् हितं घर न्हाई म्हनून लिवलं. तवापास्नं निम्मं झाकून निम्मं उतरवतो. परत कोन कवा बगंल, काय सांगावं?”

“अन् मधला सांधा गळतो!” काका वरून ओरडले. “बसतच न्हाई त्यो. तिला सांगा तुमी. माजं ऐकत न्हाई.”

“गळूं द्या,” मावशी म्हणाली. “गळलं तर भांडं ठिवू. दिसलं तरी पायजे ना घर.”

मग मी सांगितलं. बसूनच सांगितलं. “मावशी, ते वरून बघितलं ते मी. ड्रोन मी नाही उडवला. त्याचा फोटो बघून जिने तुमच्या घराची रेघ काढायची होती, ती मी. मला पडकं वाटलं. मी काढली नाही.”

काका हळूहळू खाली उतरले. मला वाटलं, आता शिव्या. खोटं कशाला बोलू, मला त्या हव्या होत्या. पण मावशी विचारात पडली होती.

“चुना बी मारला व्हता की,” ती म्हणाली. “दवंडी दिली व्हती, भिंतीच्या कडंनं चुना मारा, वरनं दिसाया पायजे. मारला. मंग कौलं उतरवल्यावर ठिवायची कुठं? त्याच चुन्यावर रचली.” ती काकांकडे वळली. “बगा, म्या म्हनलं व्हतं पल्याड रचा. आपलंच चुकलं.”

“तुमचं नाही चुकलं,” मी म्हणाले. माझा आवाज चढला. “अजिबात नाही. माझं चुकलं.”

“नकाशा गावात दाखवायला आणला होता ना?” जरा वेळाने मी विचारलं. “तेव्हा?”

“तवा लेकीच्या बाळतपनाला पुन्यात व्हतो आमी,” काका म्हणाले. “आलो तर चावडीवरला कागद बी काडला व्हता.”

“आणि ग्रामसभेत कुणी बोललं नाही? इथे तुम्ही राहता म्हणून?”

मावशीने कडेच्या तीन घरांकडे हात केला. “आमची चार घरं, अशी बाजूला. सभागृह तर समद्यांस्नी पायजे. कोन कशाला बोलंल?” मग म्हणाली, “आता इचारत्यात, पाडायचं घर शाकारता कशाला? पावसाला म्हाईत हाय व्हय, नोटीस आली ती?”

चहा आला. आतूनच आला. मला साठेसर आठवले.

“मंग आता काडा की रेग,” मावशी म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

“तुमीच न्हाई काडली ना? मंग तुमीच काडा. आमी कुठं पळून चाललोय?”

मी समजावायला लागले. नोकरी सुटलीय, पासवर्ड बंद झालाय, काम पुरं होऊन फायली गेल्यात, नकाशा अंतिम झालाय. एकेक वाक्य आधीच्यापेक्षा मूर्ख वाटत होतं. ती शांतपणे ऐकत होती. तिच्या लेखी गोष्ट सरळ होती, आणि खरंच ती सरळच होती. मग मी टेप काढला.

टेपची कडी मावशीने धरली आणि डबा मी. आम्ही अख्खं घर मोजलं. पुढची भिंत, मागची भिंत, पडवी, चुलीची खोली, गोठ्याचा कोपरा. मी आकडा वाचायचे, काका तो मोठ्याने परत म्हणायचे, जसं काही कुणीतरी लांबून लिहून घेतंय. पेन्सिलने कागदावर आकृती काढली. इतकी वर्षं छपरं पकडली, पण घराची रेघ भिंतीला हात लावून मी त्या दिवशी पहिल्यांदा काढली.

शेवटचं माप घराच्या मधोमध आलं, उघड्या निम्म्यात. मावशी तिथे थबकली.

“हितंच हुबी व्हते म्या,” ती म्हणाली. “त्या दिशी. वरनं घूं घूं आवाज आला. म्हनलं, घराचा फोटू काडत्यात तर आपला बी यिऊ द्या. हात केला, ह्यो असा.” कडी धरलेला हात तिने वर केला आणि टेप आमच्या दोघींमध्ये ताणला गेला. “हे म्हनले, याड लागलंय का तुला.”

“पातळ कुठलं होतं अंगावर?” मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

“लाल. लेकीनं घेतल्यालं. आता इरून गेलं.” तिने चुंबळ दाखवली. “त्याचंच फडकं हे.”

तो फोटो माझ्या पर्समधल्या मोबाईलमध्ये होता. मी तो काढला नाही. माझी हिंमत झाली नाही.

आकृतीखाली काकांनी सही केली, मावशीनेही केली, एकेक अक्षर दाबून. मी माझं नाव, जुना नंबर आणि एक पानभर जबाब लिहिला. घर होतं, शाकारणी चालू होती, ओळखण्यात चूक माझी. दुपारी वेल्ह्यात येऊन ते कागद भूमी अभिलेख कार्यालयात दिले. तिथले गृहस्थ भले होते. दोनदा वाचलं.

“मॅडम, तुम्ही आता त्या कंपनीत नाही?”

“नाही.”

“मग या पत्राला मी काय म्हणू? अर्जदार तुम्ही नाही, कंपनी तुम्ही नाही.” त्यांनी आकृती उन्हाकडे धरून बघितली. “काम मात्र स्वच्छ केलंय. आवक करून घेतो. पुढचं माझ्या हातात नाही. नव्याने मोजणी लागेल, त्याला सभेचा ठराव लागेल.”

ठराव म्हणजे ज्या सभेला तिथे सभागृह हवंय, तिचाच. मी आवक-शिक्क्याची प्रत घेतली. समोर वडापाव मिळतो, बरा असतो, मला गेला नाही. परतीची शेवटची जीप साधारण पाचला भरते, त्या आधी वेल्ह्याच्या स्टँडवर असा.

घरी येऊन बारा दिवस झाले. टेप सरांना कुरिअरने पाठवला, सोबत दोन ओळी. त्यांचा फोन आला, म्हणाले, “बघितलंस ना?” मी हो म्हटलं. कार्यालयात दोनदा फोन केला, कागद वरच्या टेबलावर आहे. बबनकाकांनाही केला. कौलं चढवून झाली म्हणाले, सांधा कसा बसेल ते पावसात कळेल. मावशीने मागून ओरडून विचारलं, “रेग उठली का?” मी अजून नाही म्हणाले. “उठंल,” ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास आहे. मला हेच सगळ्यात जड जातंय.

तुम्ही वेल्ह्याला जाल तर जरूर जा, किल्ला चांगला आहे. मेमध्ये गेलात तर वरून एखादं उघडं घर दिसेल. त्याला पडकं म्हणू नका.

काल मी ते चित्र पुन्हा उघडलं. मोठं केलं, आणखी मोठं केलं, चौकोन चौकोन दिसेपर्यंत. लाल ठिपक्याच्या एका अंगाला चार-पाच तपकिरी चौकोन आहेत, वर केलेल्या हातासारखे. वैशालीला म्हटलं, त्या घरापुढे शेऱ्याच्या रकान्यात मी काय लिहिलं होतं, तेवढं काढून दे. तिने संध्याकाळी पाठवलं. माझेच शब्द, माझ्याच नंबरखाली.

‘पडकं. आत लाल कापड. वस्ती नाही.’